वालाचं मलम

आयुष्यात मी पुष्कळ वाईट खाल्लंय. दिराच्या लग्नातला मठ्ठा तर असा खारट होता की मिठागरवाल्यांनी त्याला कोपरापासून हात जोडले असते. पण शेजारच्या मावशींच्या भाच्याने रोह्यात येऊन वालाचं जे काही केलं, त्यापुढे तो मठ्ठा म्हणजे अमृत.

मावशींचं घर आमच्या आळीतलं शेवटचं ज्यू घर. बाकीचे सगळे कधीच इस्रायलला गेलेले. नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात भाचा तिथून आला, तो मावशींना कायमचं घेऊन जायलाच. मावशी 'व्हय' म्हणेनात की 'नाय' म्हणेनात. "तिकडं मी खाऊ काय?" एवढंच त्यांचं पालुपद. शेवटी हा छाती फुगवून म्हणाला, "उद्या तिकडचा नाश्ता मीच करतो. पांढऱ्या वालाचा, टोस्टला लावून. एक घास खा, स्वतःच बॅग भरशील."

मावशी गेल्या तर दुपारी ओट्यावर माझ्यासोबत वाल सोलणार कोण? आणि सोलता सोलता आळीची उणीदुणी काढणार कोण?

भाचेसाहेबांना ऑलिव्हचं तेल हवं होतं. रोह्यात ते मिळायचं फक्त औषधाच्या दुकानात, चिमुकल्या बाटलीत, बाळाच्या मालिशसाठी. दुकानदाराने बाटली देताना प्रेमाने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

हा म्हणाला, "नाश्ता."

टोस्ट त्याने पेणच्या बेकरीतून आणले. याच्या मनात भाजलेला पाव. बेकरीवाल्याने दिले ते आपले टोस्ट, चहात बुडवल्याशिवाय हत्तीच्या दाढेलाही दाद न देणारे.

सकाळी त्याने भिजलेले वाल उकडले आणि सालासकट मिक्सरमध्ये घातले. सालासकट! मी तोंडाला पदर लावला. वरून लसूण, लिंबू आणि ते बाळाचं तेल. मिक्सर अक्षरशः रडला. भांड्यातून जो गिलावा निघाला, तो भिंतीनेसुद्धा अंगाला लावून घेतला नसता. त्यावर कोथिंबीर भुरभुरून हा असा उभा, जणू राजवाड्यातला आचारी.

पहिला टोस्ट त्यानेच चावला. असा आवाज झाला की तिकडे निडी स्टेशनात लोकांनी गाडी आली म्हणून पिशव्या उचलल्या. याच्या दाताची टोपी टोस्टमध्ये रुतली, टोस्ट मलमात पडला.

मावशींनी बोटाने चाखलं. कपाळाला आठ्या पडल्या. "मेल्या, साल नाय काढलीस?"

"तिकडे कोण सालं काढत बसतंय, मावशी? डबा उघडायचा, लावायचं."

"आणि शेजारणी? त्या नाय येत सोलायला?"

"छे! शेजारणी कशाला येतील? ज्याची त्याची कामं असतात."

मावशी माझ्याकडे वळल्या. मी झटकन चेहरा असा पाडला, की मयताच्या घरीही मला पुढे बसवलं असतं.

"ऐकलंस गो? वाल डब्यात नि माणसं दाराआड." मग भाच्याकडे बघून म्हणाल्या, "तू जा, बाबा. मी हाय तिथं बरी हाय."

उरलेलं मलम ओट्यावर ठेवलं. कावळा आला, बघून गेला, परत काही आला नाही. त्या दिवशी त्याची सगळी भावकीही आली नाही.

दुपारी भाचा दात बसवायला पेणला गेला आणि आम्ही दोघी सुपं घेऊन बसलो. आधी त्याची सालं काढली, वालाची नंतर.