ऱ्हस्व यिन, दीर्घ यीन

चहा आधी संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि गरम चहा नाकात गेला तर दोष माझ्याकडे नको. वयाची सत्तर वर्षं देवापुढे बसून घालवलेल्या माणसाची फजिती व्हावी, आणि तीही एका वेलांटीपायी! हो, वेलांटीच!

आमच्या अमरावतीच्या घरी सूनबाईंनी, म्हणजे वैशालीने, मोबाइलवर चिनी आहारविचाराचा वर्ग लावला. मी म्हटलं, ठीक आहे, चौकातल्या गाडीवर मिळतात तसल्या लाल शेवया होतील, चार दिवस सोसू. छे! ताटात आला उकडलेला दुधी. दुसऱ्या दिवशी काकडी आणि मुगाचं पातळ वरण. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी!

"बाबा, जुने चिनी लोक म्हणायचे, काही पदार्थ अंगाला थंड पडतात, काही उष्ण. माणूस पाहून तोल राखायचा."

"हे ऐकायला चीनपर्यंत कशाला जायला हवं? गूळ उष्ण, ताक थंड, हे माझी आई चुलीपुढे बसून सांगत होती!"

"म्हणजे पटलं ना? मग घ्या दुधी."

बरं, माझं सोडा. नैवेद्यालाही तोच! मी म्हटलं, "अगं, विठ्ठलाचा कसला तोल गेला आहे? कमरेवर हात ठेवून तो कधीचा सरळ उभा आहे!"

आता इथे मला एक जुनं दुखणं सांगितलंच पाहिजे. वैशालीचे वडील, आमचे इवाई (पुण्याकडे व्याही म्हणतात), हिवरखेडचे शेतकरी. गेल्या वर्षी नातवाच्या जावळाला आले होते. संध्याकाळी माझं क्रोधावरचं निरूपण ऐन रंगात, आणि पहिल्याच रांगेत इवाई घोरत होते! घोरणं तरी कसं? टाळकरी ठेका चुकले! मी आसनावरून म्हणालो, "ज्यांना झोपायचं आहे, त्यांनी घरी जाऊन झोपावं." ते उठले, टोपी घातली आणि खरोखरच घरी गेले. त्यानंतर आमच्या उंबऱ्यावर पाऊल नाही.

पोर तोंडाने काही बोलली नाही; पण सणावाराला तिचे डोळे फाटकाकडे लागलेले असायचे. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण आधी फोन कुणी करायचा? निरूपण माझं मोडलं होतं, त्यांचं नव्हे!

अशात एका बुधवारी सकाळी फ्रिजच्या दारावर चिठ्ठी दिसली. अक्षर वैशालीचं. मजकूर एवढाच: "गुरुवार – यिन."

आपल्याकडे 'येईन'ला 'यीन' म्हणतात, हे तुम्हाला काय सांगावं! गुरुवारी यीन! इवाईंनी निरोप दिला आणि पोरीने टिपून ठेवला. शेवटी नमले म्हणायचे! फक्त वेलांटी तेवढी ऱ्हस्व पडली होती. मला अशुद्ध लेखन सोसत नाही. खिशातलं पेन काढून मी ती दीर्घ केली आणि लगोलग फोन लावला.

"या, इवाई, अवश्य या. झालं गेलं मी विसरलो. क्षमा केली तुम्हाला."

"क्षमा? कोनं मांगतली?"

"अहो, तुम्ही उद्या येतो म्हणालात ना!"

"मी कई म्हनलो? झोपीत म्हनलो काय?"

"वाद कशाला? तुमच्या लेकीने स्वहस्ताक्षरात लिहून ठेवलं आहे!"

पलीकडून एकदम मऊ स्वरात, "वैशूनं लिवलं? वाट पाहून राह्यली काय पोरगी? बरं... मंग यीन."

घरात मी कुणाला अक्षर बोललो नाही. म्हटलं, लेकीच्या तोंडावरचा आनंद आपण डोळे भरून पाहावा.

गुरुवारी दुपारी इवाई एस.टी.ने आले. खांद्यावर तुरीच्या डाळीची थैली. "आबा!" म्हणत वैशाली धावली, रडली, हसली. मी मात्र कृतार्थ मुद्रेने बाजूला उभा. मग पानं वाढली गेली. आणि पानात काय? दुधी! काकडी! मुगाचं पातळ वरण!

इवाईंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरात कोनी बिमार हाय काय?"

माझा पारा चढला. "अगं, आबा येणार हे तूच लिहितेस, आणि वर हा दुधी?"

"मी कुठं लिहिलं, बाबा?"

मी चिठ्ठी आणून पुढे धरली. तिने वाचली. पुन्हा वाचली. "हे यिन आहे! चिनी शब्द आहे. यिन म्हणजे थंड पदार्थांचा दिवस, यांग म्हणजे उष्ण पदार्थांचा. आणि ही वेलांटी कुणी दीर्घ केली?"

इवाईंचा घास हातातच राहिला. "म्हंजे तू बलावलंच नोतं मले?" त्यांनी घास खाली ठेवला आणि पाटावरून उठायला गुडघ्यावर हात टेकला.

वैशालीने तो हात धरला. "आबा, बसा ना. बोलवायची हिंमतच होत नव्हती. म्हणून तर हे थंड जेवण चालू केलं."

"कोनासाठी?"

तिने मान खाली घातली. "बाबांसाठी. थोडे शांत झाले, की तुमचा विषय काढणार होते."

मी ताडकन उठलो. "मले राग येते? कोन म्हंते मले राग येते?"

शुद्ध भाषा गेली, निरूपण गेलं! शेजारचे दोघे कुंपणाशी येऊन उभे राहिले. नातू कोपऱ्यातल्या टेबलाखाली शिरला.

इवाई मात्र पुन्हा पाटावर टेकले. अगदी सावकाश. आपली दुधीची वाटी उचलून त्यांनी माझ्या ताटात ठेवली. "वैशू, मले ठेचा आन. दुधी सारा याह्यले दे. मानसाले किती गरज हाय, दिसून राह्यलं!"

मी खाली बसलो आणि निमूट खाल्ला. देवाशपथ खोटं कशाला बोलू, तिसरी वाटी मी स्वतः मागून घेतली.