मागच्या वर्षीचं मॉडेल आणि आमचा एकमताचा ठराव

अन्याय झाला माझ्या धाकट्या बहिणीवर. रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, क्रांती चौकाच्या अलीकडच्या एका लॅपटॉपच्या दुकानात, काउंटरपासून हातभर अंतरावर. वेळ अंदाजे सांगत नाही. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती कोपऱ्यात आकड्यांत दिसते, आणि ते चित्रण मी नंतर दोनदा पाहिलं आहे.

अन्याय कुणी केला, हे पत्रकात आम्ही पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत टाकतो. इथं क्रमानं सांगतो. माझी थोडी अडचण आहे.

बहीण सिव्हिल इंजिनियर झाली. घरांचे आराखडे करणाऱ्या, वाळूजकडच्या एका ऑफिसनं तिला काम द्यायची तयारी दाखवली, पण आधी परीक्षा ठेवली. दिलेल्या प्लॉटवर दुमजली घर काढायचं, स्क्रीनवर आतून-बाहेरून फिरून पाहता येईल असं, आणि गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत मेल करायचं. पाच वाजून एक मिनिटाला आलेलं घर उघडणार नाही, असंही सांगितलं. कॉलेजची लॅब आता तिला बंद झालेली. म्हणजे लॅपटॉप हवा. आमच्या घरातला पहिला.

आमचं घर चळवळीचं. वडील कंपनीतून निवृत्त झाले, पण युनियनचे सरचिटणीस होते ते आतून अजून निवृत्त झालेले नाहीत. आमच्याकडे फ्रिज सभा घेऊन आला. कपाट कोणत्या भिंतीला लावायचं यावरही सभा झाली. अध्यक्ष, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, सगळं रीतसर. मुकुंदवाडीतली आमची गल्ली हसते. हसू दे. आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी काही विचारलं नाही, निदान घरात तरी विचारून घ्यावं, असं वडिलांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के मान्य आहे. होतं. आहे.

शनिवारी संध्याकाळी सभा भरली. अध्यक्ष वडील. तज्ज्ञ म्हणून मामा. मामा एका सरकारी कार्यालयात शिपाई आहेत आणि तिथल्या कॉम्प्युटरवरची धूळ रोज तेच पुसतात, त्यामुळे या विषयात घरात त्यांचा शब्द शेवटचा. विषय एकच: दुकानदारानं फोनवर एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप सांगितले होते, मागच्या वर्षीचं जाडजूड मॉडेल आणि या वर्षीचं पातळ. घ्यायचं कोणतं?

मामा म्हणाले, "मागच्या सालचं म्हंजी शिळं. जुन्यात खोट असल्याबिगर कंपनी नवं काढती व्हय?"

वडील म्हणाले, "माझं सगळं बालपण दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या सदऱ्यांत गेलं. माझ्या लेकीला तसलं काही नको."

यावर कोण बोलणार? मी बोललो. उभा राहून बोललो. शिल्लक माल नेहमी आमच्याच वाट्याला का, असा सवाल केला. शाळेत जुनी पुस्तकं आमची, बसस्टॉपवर मोडकी बाकं आमची, आणि आता लॅपटॉपही मागच्या वर्षीचा? समोर तीन माणसं आणि एक मांजर होतं, पण मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा आवाज लावला. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाशी भांडायलास रं?"

ठराव एकमतानं मंजूर झाला: नवीनच मॉडेल घ्यावं. बहिणीचं अक्षर चांगलं, म्हणून इतिवृत्त ती लिहीत होती. 'सर्व उपस्थितांनी आपापली मतं मांडली' हे वाक्यही तिच्याच हातचं आहे. मध्ये एकदा तिनं पेन वर केला होता. मला वाटलं शाई संपली. मी तिला माझा पेन दिला.

रविवारी आम्ही चौघं एका रिक्षातून दुकानात गेलो. तिथं काय झालं, ते मला पुढचे तीन दिवस असं आठवत होतं: दुकानदारानं माझ्या बहिणीकडं ढुंकूनही पाहिलं नाही, सगळं बोलणं बाप्या माणसांशी केलं आणि पातळ मशीन आमच्या गळ्यात मारलं. घरी आल्यावर तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, गल्लीत पेढे वाटले. मामांनी नव्या कोऱ्या स्क्रीनवरून एकदा रुमाल फिरवला.

सोमवारी बहिणीनं आराखड्याचं सॉफ्टवेअर टाकलं. पहिली भिंत आली. दुसरी आली. तिसरी रडतखडत आली. जिना काढायला घेतला की पडदा काळा. पुन्हा चालू, पुन्हा जिना, पुन्हा काळा. पंखा मिक्सरसारखा ओरडत होता. मशीन इतकं तापलं की मांजर येऊन त्याच्यावर बसलं आणि उठायला तयार होईना. मामांनी तज्ज्ञाचा सल्ला दिला, "बंद करून चालू कर." तो सल्ला आम्ही अकरा वेळा अमलात आणला.

मग बहिणीनं तिच्या पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढला. कॉलेजच्या सरांनी लिहून दिलेला. या सॉफ्टवेअरला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं. मागच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये ते आहे. या वर्षीचं पातळ करताना काढलं आहे, ते घेऊ नये. 'घेऊ नये'च्या खाली दोन रेघा.

"हा कागद कधीचा?" मी विचारलं.

"शुक्रवारचा."

"मग सभेत का नाही मांडलास?"

"पेन वर केला होता की, दादा."

आई म्हणाली, "आता तरी त्या पोरीला जेवू द्या."

मंगळवारी बहीण पडेगावला मैत्रिणीकडं गेली. शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला, दोन रिक्षा बदलून. मैत्रिणीकडं तेच मागच्या वर्षीचं जाडजूड मॉडेल, आणि त्याच्यावर जिना मुकाट्यानं वर चढला. पण मैत्रिणीला बुधवारपासून तिचं मशीन ऑफिसला न्यायचं होतं. अर्धं घर पेन ड्राइव्हवर घेऊन बहीण परत आली. वरचा मजला बाकी, छत बाकी, हातात दोन दिवस.

मी दरम्यान गप्प बसलो नव्हतो. पत्रक लिहून तयार होतं. 'ग्राहक भगिनीचा अवमान! तिचा आवाज दाबणाऱ्यांनो, जवाब द्या!' बुधवारी दुकानाचं शटर वर जायच्या आत आम्ही चौघं, लॅपटॉपच्या डब्यासकट, पायरीवर हजर. मी काउंटरसमोर उभा राहून पत्रक मोठ्यानं वाचलं. दोन गिऱ्हाइकं थांबली. एकानं मोबाइल बाहेर काढला.

दुकानदारानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाईजान, मॅडमला मी विचारलो होतो ना."

"साफ खोटं!"

"कॅमेरा हाय ना अपने पास. देखो."

रविवार, अकरा वाजून वीस. पडद्यावर दुकानदार माझ्या बहिणीकडं वळून काहीतरी विचारतो. बहीण पर्स उघडते, हात आत घालते. तेवढ्यात एक तरुण दोघांच्या मधे शिरतो आणि चौकातल्या पोलिसासारखा तळहात उभा करतो. तो सदरा माझा आहे. पाठमोरी आकृतीही माझीच.

चित्रणाला आवाज नव्हता. आवाज दुकानदारानं दिला. "इथं तुम्ही बोलले, तिला काय विचारता, आम्ही ठराव करून आलोय. मैं सोचा, ठराव? ये क्या सरकारी खरेदी हाय?"

मी बहिणीकडं पाहिलं. ती म्हणाली, "अस्संच बोललास. शब्द न्‌ शब्द."

वडील चष्मा पुसत म्हणाले, "परत लाव." दुकानदारानं परत लावलं. वडिलांनी युनियनच्या काळात शेकडो चौकश्या केलेल्या आहेत. ते माझ्याकडं वळून एवढंच म्हणाले, "बाजूला हो."

मी बाजूला झालो. मोबाइल काढलेल्या गिऱ्हाइकाला ते विशेष आवडलं.

मग बहिणीनं कागद काउंटरवर पसरला आणि दुकानदाराशी बोलायला लागली. कार्ड कोणतं, रॅम नंतर वाढवता येते का, चार तास चाललं तर तापतं किती. आमच्या सभेला दीड तास लागला होता. हिला सहा मिनिटं लागली. जुन्या मॉडेलचा एकच नग उरला होता, फळीवर दाखवायला ठेवलेला. दुकानदार म्हणाला, "पर खुला हुआ माल वापस नाही होत, मॅडम."

"भैया, तीनच दिवस झालेत. डबा हाय, बिल हाय. मांजराचे केस तेवढे झटकून देते."

दुकानदार हसला आणि दोन्हीची अदलाबदल करायला तयार झाला. तो फळीवरचा नगही त्याच्याकडून खपत नव्हता. पण आता वडील अडले. "लोकांनी हाताळलेलं? म्हणजे शेवटी तेच झालं की."

बहिणीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, सदरा तुम्हाला दुसऱ्यानं दिला होता. हे मी निवडलंय."

वडील दुकानदाराला म्हणाले, "बिलावर नाव हिचं टाका." मामा फळीपाशी गेले आणि त्यांनी त्या लॅपटॉपवरची धूळ मन लावून पुसली. या वेळी ती खरोखर होती.

गुरुवारी पाचला वीस मिनिटं कमी असताना मेल गेला. दुमजली घर, छतासकट. तिथून उत्तर काय आलं, ते सांगायचं असेल तर ती सांगेल. तिच्या वतीनं काही जाहीर करायचं मी सोडलं आहे.

पत्रक मात्र मी फाडलं नाही. दुकानदाराच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. बाकी मजकुरात कानामात्रेचाही बदल करावा लागला नाही, आणि हे मला अजून सहन होत नाही.

म्हणून आता मागणी, आणि ती थेट तुमच्याकडं. तुमच्या घरातही या आठवड्यात काहीतरी ठरतं आहे. मोबाइल, स्कूटी, कॉलेज, स्थळ, काहीही असेल. ज्याच्या नावानं ते ठरतं आहे, तो माणूस बहुतेक तुमच्यासाठी चहा आणतो आहे. हे वाचणं इथंच थांबवा. उठा, त्याच्या हातातला ट्रे तुम्ही घ्या, त्याला खुर्चीत बसवा आणि विचारा, तुला काय हवं आहे? आणि त्याचं बोलून पूर्ण होईपर्यंत, मेहेरबानी करून, तोंड बंद ठेवा.