चेष्टा कोरो

आधी मामीचे उपकार सांगते, बाकीच्यांकडे मग वळते. खिदिरपूरच्या वर्कशॉपमध्ये मी टिकले ती मामीमुळे. मामामुळे नाही. मामा बँकेत साहेब, बदली होऊन कोलकात्याला आलेला. पोरगी इंजिनीअर व्हावी म्हणून आईबाबांनी मला अकरावी सायन्सला त्याच्याकडे ठेवलं होतं.

त्याच वर्षी शाळेनं एक सोय काढली: आठवड्यातले दोन दिवस कारखान्यात फिटरचं काम शिकायचं. जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपसाठी मी हात वर केला. रविवारी मामाची मराठी मित्रमंडळी जमली, तेव्हा त्यांना पोह्यांबरोबर चघळायला आयता विषय मिळाला.

"अरे वा, पाना-पक्कडवाली भाची!"

"आमच्याकडे शिपाईसुद्धा ग्रॅज्युएट असतो," मामा म्हणाला.

घरातला नळ गळला की खाली बादली लावून देशाच्या प्रगतीवर बोलत बसणारी ही माणसं. नळ कुणीतरी येऊन दुरुस्त करेलच, याची त्यांना जन्मतःच खात्री. मामी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन माझ्या वतीनं हो सांगून आली.

वर्कशॉपमध्ये पहिलं काम म्हणजे लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून सपाट करायचा. वर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, धरला की मधून उजेड दिसता कामा नये. माझ्या तुकड्यावर नुसता उजेडच. महिनाभर बघू, जमलं तर ठेवू, असं ठरलेलं. त्यात फोरमनदादा येताजाता म्हणायचे, "चेष्टा कोरो, चेष्टा कोरो!" मला वाटलं, हेही मामाच्याच पंगतीतले. चेष्टा कर म्हणतात, वर दात काढतात.

एकदा मी कानस आपटली आणि मोडक्या बंगालीत ओरडले, "आमि चेष्टा कोरबो ना!"

दादांनी कानस उचलून ठेवली, मला घरी जायला सांगितलं आणि मामाला फोन केला.

मी घरी पोचले तेव्हा मामा खुशीत होता. "बरं झालं, भूत उतरलं. म्हणे, ही चेष्टा करणार नाही. काय चेष्टा, कसली चेष्टा, मी विचारलंही नाही."

मामी आतून आली. मासेवाल्यांशी घासाघीस करत ती बंगाली शिकली होती. मामाचे मित्र त्या बंगालीला 'बाजारू' म्हणत. त्यांना स्वतःला टॅक्सीवाल्याशीही बोलता येत नसे. माझं ऐकता ऐकता ती हसत सुटली.

"अगं ठोंबे, इथं चेष्टा म्हणजे प्रयत्न! मी प्रयत्न करणार नाही, असं सांगून आलीस तू त्यांना!"

मी विचारलं, "आता गं? ठेवतील?"

"चप्पल घाल."

बसमध्ये मी नखं खात होते. वर्कशॉपच्या दारात मामीनं सगळं समजावलं. दादांनी डोक्याला हात लावला. "तोमादेर भाषाय चेष्टा माने ठाट्टा?" मग पोट धरून हसले आणि कानस माझ्या हातात दिली.

अकरावीनंतर मी शाळा सोडली आणि त्याच वर्कशॉपमध्ये पूर्णवेळ लागले. मामाचे मित्र म्हणतात, पोरगी वाया गेली. म्हणोत. त्यांच्या मताला मी गंजलेल्या नटाइतकीही किंमत देत नाही.

आता मामाची पुन्हा बदली होतेय. मामीला हे शहर सोडायचं नाही, पण तिला विचारतो कोण? मला अजून कायम केलेलं नाही, करतील की नाही या विचारानं झोप येत नाही. पण केलं, की इथंच एक खोली घेईन. मामी, तुला वाटेल तेव्हा तिथं यायचं, हवं तितकं राहायचं. हे मी तुझं देणं लागते, आणि मी ते फेडणार.