शीड दिसावं म्हणून

माझ्या प्रबंधावर नाव माझं आहे. सगळ्यात मोठं ऋण मात्र धाकटी डहाणूच्या तांडेलकाकांचं. काहीही विचारलं की ते आधी खाडीकडे बघत आणि मग म्हणत, "घाई कोणाला आहे? पाण्याला तर नाही."

समुद्रापासून दूर, आत असलेल्या वेवजीच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एम.ए.साठी कौलं वाहणाऱ्या एका जुन्या गलबताचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा त्याचे शेवटचे तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून लोकांनी मला त्यांच्याकडे पाठवलं.

"वेवजीचा तू! गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलास?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

मी लिहिलं होतं, 'गलबत डौलाने निघाले.' ते ऐकून काका खो खो हसले. "डौल कसला, मास्तर? अर्धे खलाशी ओकत होते. ते लिही."

पुढे बंदर कचेरीत त्या गलबताची नोंद सापडली. मी ती उतरवून आणली आणि त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवली. शेवटची ओळ मुद्दाम गाळली. काकांना अक्षरओळख नव्हती, पण माझं बोट एका ओळीवर अडलेलं त्यांनी पाहिलं.

"खाली आणखी आहे. वाच."

'तांडेलाच्या चुकीने खडकावर फुटले. माणसे वाचली.'

तीस वर्षं सारं गाव समजत होतं, की ते वादळात फुटलं. मी म्हणालो, "काका, ही ओळ मी घेत नाही."

"का? ओकारी लिहिलीस ना? मग हीसुद्धा लिही."

आत त्यांची मुलगी चहा करत होती. सातवी शिकलेली, काकांना आलेला कागद तीच वाचून दाखवी. काकांनी आवाज उतरवला.

"ही बारा दिवसांची होती. हिच्या आईला अंगणातून शीड दिसावं म्हणून गलबत आत घेतलं. खडक मला पाठ होता रे. पण मी घराकडे बघत बसलो. त्या दिवसानंतर परत सुकाण धरलं नाही."

"ताईला माहीत आहे?"

"नाही. आपल्यामुळे झालं म्हणेल. तू बोलू नकोस, मी सांगेन."

दोन वर्षं ते "सांगेन, सांगेन" म्हणत राहिले. प्रबंध मंजूर झाला तेव्हा मी पुण्याहून त्यांना पत्र टाकलं:

'ती. तांडेलकाकांना सा. न.

प्रबंध मंजूर झाला. ती ओळ ठेवली आहे, आणि तुम्ही सांगितलेलं कारणही. परीक्षकांनी विचारलं, कारण तर नोंदीत नाही, मग कुठून मिळालं? मी म्हटलं, ज्यांच्या हातात सुकाण होतं त्यांच्याकडून.

प्रत शनिवारच्या टपालाने पाठवतो. या पत्रासारखी तीही ताईच तुम्हाला वाचून दाखवील. तिने पान उलटण्याआधी तिला तुम्ही सांगा.'