आज 'टी आऊट!' ओरडल्यावर

क्लास सुटल्यावर थेट सायबर कॅफेत आलोय. या ऑनलाइन कम्युनिटीतल्या गणित शिकवणाऱ्यांनो, एक विचारायचंय.

आज बारावीला रेषेची प्राचल (पॅरामेट्रिक) समीकरणं घेतली. x = 2 + 3t, y = 1 + t. दुसऱ्यातून t = y − 1 काढला, पहिल्यात घातला. उरलं x − 3y + 1 = 0. टी नाहीसा झाला की आमची पोरं एकदम ओरडतात, "टी आऊट!" ही सवय मीच लावलीय.

पिंपळगावची एक मुलगी तेवढी गप्प होती. तिचे वडील द्राक्षांचा टेम्पो चालवायचे. महिन्यापूर्वी हायवेवर अपघातात वारले. त्यानंतर ती आजच आली होती.

म्हणाली, "सर, टी म्हणजे वेळ समजा, असं तुम्हीच सांगितलं ना? तो काढला तर रेष राहते. पण तिच्यावर कोण कधी कुठं होतं, ते नाय ना कळत?"

"नाही कळत," मी म्हणालो.

"मी आज त्याच रस्त्यानं आले, सर. रस्ता हाय तसाच हाय."

मग तिनं खाली मान घालून गणित सोडवलं. उत्तर बरोबर होतं.

उद्याही टी काढायचाय. पोरं ओरडणारच. तुम्ही ओरडू दिलं असतं?