रुआबांध्याची दोरी

दुर्ग स्टेशनवर उतरले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. पुण्यापासून समोरच्या बर्थवरचा एक गृहस्थ देशाला आता बिनमाणसांची शस्त्रंच कशी हवीत हे फोनवर कुणाकुणाला ऐकवत होता, आणि मधूनमधून माझ्याच डब्यातल्या चकल्या खात होता. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने "कहाँ जाहू दाई?" (कुठे जाणार, आई?) असं विचारलं तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

जायचं होतं भिलाईत, रुआबांध्याला, माझा मावसभाऊ गुणवंतदादा याच्याकडे. आम्ही दोघंही अमरावतीकडचे. मी लग्न होऊन पुण्याला गेले, तो कामासाठी इकडे आला आणि इकडचाच झाला. वाटेत सेक्टर सहा लागला. रुंद रस्ते, मोठाली झाडं, पोलाद कारखान्याची एकाच नमुन्याची क्वार्टर्स आणि ड्यूटीवरून सावकाश घरी निघालेल्या सायकली. पुण्याच्या रस्त्यांना विटलेल्या माणसाने इथे नुसतं चालायला म्हणून यावं.

मला बोलावलं होतं दादाच्या मुलीने, पल्लवीने. ती इंजिनीअर. कॅम्प एक नावाच्या वस्तीत, बाजाराच्या मागे, भाड्याच्या शेडमध्ये तिने एक यंत्र बनवलंय. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं, मोठ्या टरबुजाएवढं. विषारी वायू साठलेल्या टाकीत किंवा भुयारात ते एकटं शिरतं, आत बेशुद्ध पडलेला माणूस शोधतं आणि बाहेरच्या पडद्यावर त्याच्याभोवती लाल चौकट काढून दाखवतं. उभ्या माणसाला सोडून पडलेला किंवा बसलेला माणूस कसा ओळखायचा, हे तिने त्याला शिकवलंय.

आणि त्याच्या शेपटाला एक लांबलचक दोरी.

"अगं, एवढं शहाणं यंत्र, त्याला दावं कशाला?" मी विचारलं.

उत्तर दादाने दिलं. "आत जानाऱ्याची दोरी बाहेरच्याच्या हातात रायते, उषे. मानूस असो का मशीन."

दादाने उमेदीची वर्षं एका खाजगी कारखान्यात टाक्या साफ करण्यात घालवली. तो कारखाना आता बंद आहे. एकजण कमरेला दोरी बांधून आत उतरायचा, दुसरा तोंडाशी दोरी धरून बसायचा. बसलेल्याने चहालाही उठायचं नाही. एकदा आत दादाला वायू लागला आणि तो पडला. बाहेरच्या सोबत्याने ओढून काढलं, म्हणून आज मला भाऊ आहे. पल्लवीने यंत्र बनवलं ते ही गोष्ट ऐकत मोठी झाल्यामुळे.

पण शेडचं भाडं थकलं होतं आणि गिऱ्हाईक मिळत नव्हतं. अशात सरकारी योजना निघाली. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपलं आपण चालणारी संरक्षण यंत्रं बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना घसघशीत निधी. निवड झाली तर शेड चालू, नाहीतर कुलूप. निवडीची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, त्यासाठीच तिने मला बोलावलं होतं.

"संरक्षणाशी तुझा काय संबंध?" मी उसळलेच. "माणसं वाचवायच्या यंत्राला निधी नाही का?"

"उसका कोई फंड नहीं है आत्या," ती म्हणाली. "असता तं काय पाहिजे होतं?"

सकाळी वहिनीने फरा (तांदळाच्या वाफवलेल्या वळ्या, वरून तिळाची फोडणी) खाऊ घातला आणि आम्ही रिक्षातून निघालो. यंत्र माझ्या मांडीवर. एका गतिरोधकावर ते असं उसळलं की थेट बाहेरच जायचं. दादाने दोरी धरली होती म्हणून वाचलं. "पाह्य!" एवढंच म्हणाला आणि पुढे सगळा रस्ता खुशीत होता.

कार्यक्रम होता एका लग्नाच्या लॉनवर. व्यासपीठावर योजनेचा फलक आणि त्याच्या वर आदल्या लग्नाचं फुलांचं 'शुभविवाह' तसंच. भाषणं झाली. 'संधी' हा शब्द इतक्यांदा आला की मला त्याची शिसारी आली. युद्ध ही संधी, सीमा ही संधी, शेजाऱ्याशी वैर तर मोठीच संधी. मग पनीर वाढलं. मुडद्यांवरचा व्यापार आणि वर पंगत! मी ताट बाजूला ठेवलं.

जेवणानंतर परीक्षा. मांडववाल्याकडून काळ्या कापडाचं भुयार करून घेतलं होतं आणि आत पुठ्ठ्याचे सैनिक उभे केले होते. यंत्राने आपलं आपण 'लक्ष्य' शोधायचं. मुख्य परीक्षक म्हणजे सफारीतले एक गोरेगोमटे साहेब. त्यांनी दोरी पाहिली.

"ये क्या है मैडम? बकरी चराने ले जा रही हैं?"

सगळं लॉन हसलं. पल्लवीचे कान लाल झाले.

"सर, सेफ्टी के लिए है."

"निकाल दीजिए. मशीन अपने आप चलेगी, तभी नंबर मिलेंगे."

तिने बापाकडे पाहिलं. मला वाटलं, दादा आता ठणकावून सांगेल. तर तो म्हणाला, "काढ बाई."

तिने गाठ सोडली. यंत्र आत गेलं. पडद्यावर पुठ्ठ्याचे सैनिक दिसू लागले. एक गेला, दुसरा गेला, यंत्र कुणापाशी थांबेना. साहेब घड्याळ पाहू लागले. एवढ्यात ते कोपऱ्याकडे वळून थांबलं. तिथे मांडववाल्याचा माणूस उकिडवा बसून पंख्याची वायर जोडत होता. त्याच्या अंगावर लाल चौकट आली.

"वाह! जिंदा टारगेट पकड़ा!" साहेब ओरडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो बिचारा आवाज ऐकून बाहेर आला आणि हे कशाबद्दल ते न कळता, गंमत म्हणून दोन्ही हात वर करून हसला.

साहेब खूश होते. "अब बस एक कदम और. मशीन ढूँढे और मशीन ही काम तमाम करे. बीच में किसी से पूछना नहीं."

दादा उठला. भुयारापाशी गेला, खाली बसला आणि यंत्राला पुन्हा दोरी बांधू लागला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

पल्लवी म्हणाली, "सर, दोरी के साथ चलेगा तो मैं तैयार हूँ."

"मैडम, दोरी ही तो हटानी है. सारा पैसा इसी बात का है."

"तो नहीं होगा, सर."

मग मी साहेबांना मराठीत जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना अक्षर कळलं नसेल, पण सूर कळला असावा, कारण त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी कपाला हात लावला नाही.

घरी आल्यावर दादाला धारेवर धरलं. "तू कावून 'काढ' म्हणालास?"

तो खाटेवर टेकला. "पोरीचं भलं होईन म्हनून. एक डाव सोडली दोरी तं काय बिघडते, मशीनच तं आहे, असं वाटलं मले. मंग त्या गड्याच्या आंगावर लाल चौकट आली आन् लोकं टाळ्या वाजवून राहिले. उषे, मीबी असाच पडलो होतो आतमंदी. तवा मले पाहून कोनी टाळी नोती वाजवली. दोरी ओढली होती."

वहिनी आत जाऊन रडली. पल्लवीने दुसऱ्या दिवशी शेडची किल्ली मालकाला नेऊन दिली. यंत्र घरी आलं आणि दादाच्या खाटेखाली गेलं, दोरीसकट. मला स्टेशनवर सोडायला ती आली तेव्हा म्हणाली, "नोकरी शोधून राहिली आत्या, हैदराबादले. ते बी यही बनाते होंगे, तर काय करू?" मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत चढले.

पुण्यात पोहोचले. पेपरात त्या योजनेची पानभर जाहिरात आहे आणि तेच साहेब हसतायत. हा पैसा आकाशातून पडत नाही. माझ्या पेन्शनमधून कर कापला जातो, त्या मांडववाल्याच्या माणसाच्या साबणावर, विडीवर घेतला जातो. म्हणजे त्या दोरीचं एक टोक आम्हा कर भरणाऱ्यांच्याही हातात होतं. ती सोडायच्या आधी आम्हाला विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं. मला कुणी विचारलं नाही.