कमरेचं कडं

"मांगं दोन, समोर एक," असं म्हणत बाई स्वतःच्या कमरेवर दोन्ही हात ठेवायच्या. कण्याच्या बुडाशी दोन सांधे, ओटीपोटाखाली एक. तिन्हींनी जुळवलेलं हाडांचं कडं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा एका ठेकेदाराच्या दवाखान्याच्या शेडमध्ये त्या नर्स होत्या आणि मी कंपाउंडर. बाई नागपूरकडच्या होत्या. पट्टी बांधायला आलेल्या प्रत्येक मजुराला हे ऐकावं लागे. बाहेर जाऊन लोक कमरेवर हात ठेवून त्यांची नक्कल करत. मीही केली आहे. तुम्हीही कुणाची तरी केली असेल.

एका दुपारी मालाची ट्रॉली रुळांवरून घसरली. जवळच्या रुआबांधा गावचा एक मजूर ट्रॉली आणि खांबाच्या मध्ये चेंगरला. आम्ही पोचलो तेव्हा तो पांढराफटक पडला होता, पावलं बाहेरच्या बाजूला कलंडलेली.

"उठाओ, ट्रक खडा है!" सुपरवायझर ओरडला. चौघे वाकले.

"हात नोका लावू!" बाई आडव्या आल्या. "कडं उघडलं त्याचं. असाच उचलला तर अंदरच रगत वाहून मरन."

"आप डॉक्टर हैं क्या?"

"नाही. पन उचलू देनार नाही."

त्यांनी चादर त्याच्या गुडघ्यांखालच्या पोकळीतून घातली, हळूहळू वर खुब्यांपर्यंत सरकवली आणि एक टोक मला दिलं. "ओढ."

मी ओढलं. तो असा किंचाळला की माझे हात सैल पडले.

"कावून सोडून राहिला? ओढ!"

वाटलं, माणूस मारतोय मी. तरी पुन्हा ओढलं. गाठ बसली. त्याचे गुडघे एकत्र बांधून आम्ही त्याला फळीवर घेतलं.

"मोला पियास लागत हे," तो पुटपुटला. बाईंनी ओला बोळा फक्त ओठांना लावला.

इस्पितळात डॉक्टरांनी चादर पाहिली. "किसने बांधा?"

"हम दोनों ने," बाई म्हणाल्या.

तो वाचला.

सुपरवायझरने मात्र तक्रार केली. ठेकेदाराच्या माणसाने मला बोलावून विचारलं, "बाई साहबांवर ओरडल्या का?" मी "हो" म्हणालो. चादरीचं सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, घाबरलो. आठवड्याच्या आत बाईंना काढलं. जाताना त्यांनी मला कात्रीला धार लावून घ्यायला सांगितलं, बाकी काही नाही.

काही महिन्यांनी तो मजूर काठी टेकत शेडमध्ये आला. "बाई कहां हे?"

मला पत्ताही ठाऊक नव्हता. बाईंना काढलं हे मी सांगितलं नाही; त्या येतील असं समजून तो बाकावर बसला. मी त्याला उठ म्हणू शकलो नाही. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, तरी तो दाराकडे बघत बसून होता.